भिशीचे पंधरा हजार आणि आमचं किचन: पाडव्यापर्यंतच्या नोंदी

१ मार्च २०२५, शनिवार

भिशी लागली. १५,००० हातात आले आणि ते किचनवरच घालायचे हे दिवाळीपासून ठरलेलं आहे. तेव्हा एका मॉड्युलरवाल्याला घरी बोलावलं होतं, तो टेप लावून कोपरान् कोपरा मोजून गेला, दोनदा चहा प्यायला आणि दोन लाख सत्तर हजारांचं कोटेशन पाठवलं. नवऱ्याने तो कागद फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवलाय, मी जास्त खर्च करायला लागले की बोट दाखवायला.

तर आहे ते असं आहे. इंदूरच्या लोकमान्य नगरातलं सासऱ्यांनी बांधलेलं घर, किचन साधारण आठ बाय दहा, कोटा दगडाचा एल आकाराचा ओटा, खाली प्लायची कपाटं आणि त्यांना चॉकलेटी ऑइल पेंट, ओट्याच्या मागे छोट्या पांढऱ्या टाइल्स ज्यांच्या फटी आता काळ्या झाल्यात, वर पिवळा डिस्टेंपर, सिंकखाली वास. ट्यूब अशी बरोब्बर पाठीमागे लावलीय की भाजी चिरायला उभं राहिलं की आपलीच सावली विळीवर.

नवऱ्याचं म्हणणं आधी रंग आणू, रंगाने लगेच फरक दिसतो. दिसतो ना, पण ओल्या प्लायवर मारलेला रंग पहिल्या पावसात पोपडे धरतो. म्हणून क्रम माझा: आधी पाणी, मग उजेड, मग घासणं, रंग शेवटी. आणि किचन एकही दिवस पूर्ण बंद राहणार नाही, घरात चार माणसं आणि रोजचे दोन डबे आहेत. अर्धा ओटा चालू, अर्धा कामाला.

२ मार्च, रविवार

सिंकखालचं कपाट रिकामं केलं. लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, झाकणं हरवलेले डबे, डबे हरवलेली झाकणं. आईंना, म्हणजे सासूबाईंना, एकेक वस्तू दाखवून विचारावं लागतं, त्या म्हणतात "राहू दे, लागते" आणि ती वस्तू परत आत. शेवटी एक खोकं केलं, ज्यात टाकलेलं फेकायचं नाही पण पाडव्यापर्यंत कोणी मागितलं नाही तर मग फेकायचं, यावर तह झाला.

तळाचा प्लाय फुगून त्याचे पापुद्रे निघालेत. गळती कुठून ते शोधायला सगळं कोरडं पुसलं, प्रत्येक जॉइंटला टिश्यू पेपर गुंडाळला, सिंक काठोकाठ भरलं आणि एकदम सोडलं. नळाखालचा टिश्यू कोरडा, पाइपाचा कोरडा, सिंकच्या जाळीखालचा चिंब. जाळीचं रबरी वायसर कडक होऊन चिरलंय, पाणी पाइपाच्या बाहेरून गुपचूप उतरत होतं आणि आम्ही इतके दिवस नळाला दोष देत होतो.

वासाचं कारण वेगळंच निघालं. तो कडेला वळ्या असलेला प्लास्टिकचा पाइप सरळ फरशीतल्या भोकात सोडलेला, मध्ये ट्रॅप नाही. ट्रॅपमध्ये थोडं पाणी कायम उभं असतं आणि ते गटाराची हवा अडवतं, ते नसेल तर वरून कितीही फिनाइल ओता, वास येणारच. झुरळांना पण तोच हायवे. नवीन जाळी, बॉटल ट्रॅप, दोन अँगल कॉक, टेफलॉन, सगळे मिळून १,१५०. आज नळाला नर्मदेचं पाणी यायचा दिवस नव्हता म्हणजे पाणी भरायची घाई नव्हती, टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून आरामात बसवलं. टेफलॉन फक्त आट्यांवर, आणि कॉक ज्या बाजूला फिरवून घट्ट होतो त्याच दिशेने गुंडाळायचा. जिथे रबरी वायसर आहे तिथे टेफलॉनची गरज नसते. दुकानातल्या भैयाने मात्र "दीदी चार ले जाओ" केलंच.

भोकाभोवतीची फट पांढऱ्या सिमेंटने बुजवली. रात्री वास नाही.

४ मार्च, मंगळवार

फुगलेला तळ कापून काढला. आत टेबल फॅन लावून ठेवलाय, वाळू दे. नवीन तळाला प्लाय नाही घेणार, डब्ल्यूपीसीचा (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या फळीचा) तुकडा दुकानातून मापात कापून आणला, ६००, हा पाण्याने फुगत नाही.

५ मार्च, बुधवार

उजेड. महाराणी रोडला, विजेच्या सामानाच्या बाजारात गेले, तिथे एकाच बल्बचे दुकानागणिक वेगळे भाव म्हणून आधी चालत एक फेरी मारायची आणि परत येताना घ्यायचं. २० वॉटच्या दोन एलईडी पट्ट्या घेतल्या. दुकानदार ६५०० केल्विनचा पांढराशुभ्र उजेड हातात देत होता, मी ४०००चा, जरा पिवळसर, मागितला. निळसर उजेडात फोडणीतला कांदा लालसर झालाय की करपतोय हे मला तरी कळत नाही, आणि हळद हिरवट दिसते.

एक पट्टी छताला पण ओट्याच्या डोक्यावर, दुसरी भिंतीवरच्या कपाटाच्या खाली. कपाटाखालची लावताना ती पुढच्या काठाला लावायची, भिंतीला चिकटवून नाही, म्हणजे उजेड ओट्यावर पडतो. भिंतीकडे लावली तर टाइल्स चमकतात आणि ताटात अंधार.

वायरिंगला हात लावला नाही, इलेक्ट्रिशियनला बोलावलं. मिक्सर, इंडक्शन आणि टोस्टर एकाच जुन्या सॉकेटवर मल्टीप्लग लावून चालत होतं, त्याने प्लेट उघडून दाखवली, आतलं प्लास्टिक तपकिरी पडलेलं. १६ अँपियरचा वेगळा पॉइंट काढून घेतला. पट्ट्या, सामान, मजुरी मिळून १,६००. संध्याकाळी आई किचनमध्ये आल्या, वर बघितलं, मग ओट्याकडे बघितलं आणि म्हणाल्या "अगं किती घाण आहे हे." हो ना, आता दिसतंय.

७ मार्च, शुक्रवार

कोट्याला पॉलिश. शेजारच्या काकू तेजाब (अ‍ॅसिड) मारून घासायला सांगत होत्या, त्यांच्या बाथरूमच्या टाइल्स म्हणे तशाच चकाचक झाल्या. त्या टाइल्स आहेत, हा कोटा आहे, म्हणजे रामगंजमंडीच्या खाणीतला चुनखडीचा दगड. ओट्याच्या खालच्या न दिसणाऱ्या काठाला लिंबाचा रस लावून काकूंना दाखवलं, थोड्या वेळाने पुसलं तर तेवढ्या जागेवर दगड पांढुरका आणि खरबरीत. लिंबाने असं होतं तर तेजाबाने काय होईल. तसे आमच्या ओट्यावर जे फिक्के गोल डाग आहेत ते सगळे लिंबू, चिंच आणि ताकाच्या भांड्यांचेच आहेत, ते मळ नाहीत, तिथला दगडच खाल्ला गेलाय, म्हणून घासून जात नाहीत.

हे काम मशिनचं. पॉलिशवाला हातातलं ग्राइंडर आणि डायमंडचे पॅड घेऊन आला, जाड्यापासून बारीकपर्यंत एकामागून एक, पाणी टाकत टाकत. १,५०० घेतले. राखाडी चिखल सगळीकडे उडतो, म्हणून हे रंगाच्या आधीच करायचं. खाली कोट्याचा जुना हिरवट-निळा रंग निघाला. पोरगी म्हणाली नवीन दगड बसवला का.

सकाळी नाश्त्याला कोपऱ्यावरचे पोहे-जलेबी आणले, त्याचा खर्च बजेटमध्ये धरत नाही.

८ आणि ९ मार्च

घासणं. खरं सांगायचं तर अख्ख्या कामातला सगळ्यात मोठा फरक याने पडला आणि याचा खर्च जवळजवळ शून्य.

कपाटांची दारं काढून मागच्या ओसरीत मांडली, प्रत्येक दाराच्या बिजागरीच्या जागी मास्किंग टेपवर नंबर, आणि कपाटाच्या चौकटीवर तोच नंबर. एकाच मापाची दिसतात पण सुताराने हाताने केलेली आहेत, एकाचं दार दुसऱ्याला लागत नाही.

दारांवर जे होतं त्याला मळ म्हणणं कमीच. वर्षानुवर्षांची फोडणीची वाफ, तेल जुनं होऊन घट्ट चीक झालेलं, त्यात धूळ बसून पुन्हा वर तेल. साबणाने ते नुसतं पसरतं. धुण्याचा सोडा घ्यायचा, खाण्याचा नाही, खाण्याचा फार सौम्य पडतो. अर्धी बादली गरम पाण्यात मूठभर, हातात रबरी मोजे, कपडा बुडवून दारावर झाकून ठेवायचा आणि चहा पिऊन यायचं. परत आल्यावर जुन्या एटीएम कार्डाच्या काठाने खरवडलं तर तो चीक तपकिरी गुंडाळ्या होऊन निघतो, आणि कार्डामागे रंगाचा एक वेगळाच पट्टा उघडा पडत जातो. आमचा चॉकलेटी पेंट मुळात बराच लालसर होता हे मला लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी माहीत नव्हतं. मग दोनदा साध्या पाण्याने पुसायचं, सोडा राहिला तर वरचा रंग धरत नाही. अॅल्युमिनियमला हा सोडा लावायचा नाही, काळं पडतं, म्हणून खिडकीची फ्रेम साध्या साबणाने.

रविवारी दुपारनंतर काम बंद, चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल. जिंकल्यावर नवरा आणि दीर राजवाडा चौकात जल्लोषाला पळाले, इंदुरात जिंकल्यावर घरी बसायची पद्धत नाही. मोजे तसेच बादलीत.

११ मार्च, मंगळवार

आता दारं घासायची. इथे थोडं थांबून विचार केला. हा पेंट सासऱ्यांच्या वेळचा आहे, आणि भारतात घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा लागू झाली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं आणि कोरडं घासलं की ते धुळीतून घरभर, घरात लहान पोर. म्हणून मशिन नाही, कोरडा रेगमाल (सँडपेपर) नाही. वॉटर पेपर आणला, पाणी लावून घासलं, १५० नंबर आणि मग २२०. पेंट पूर्ण काढायचा नाहीच आहे, फक्त चमक मारायची म्हणजे वरच्याला पकड मिळते. जिथे पोपडे होते तेवढेच काढले. निघालेली चिखलासारखी घाण जुन्या पेपरात पुसून पिशवीत बंद केली, ओसरी ओल्या फडक्याने पुसली, आणि सकाळी कचरागाडीत घातक कचऱ्याच्या वेगळ्या डब्यात टाकली. पोरगी दोन दिवस आत्याकडे.

एक दार आतून घासलेलं नाही. त्यावर आईंनी पेन्सिलने गॅसच्या टाकीच्या तारखा लिहिल्यात, नवीन टाकी लावली की एक तारीख, खाली खाली उतरत आलेली यादी. अधूनमधून तारखांमध्ये मोठं अंतर आहे तिथे विचारलं तर म्हणाल्या "तेव्हा आम्ही ग्वाल्हेरला होतो, माझ्या वडिलांच्या आजारपणात." बाहेरून रंग, आतून हे तसंच. जागा शिल्लक आहे, यापुढे पण तिथेच लिहू.

१३ मार्च, गुरुवार

होळी, पुरणपोळ्या. किचन पूर्ण आईंच्या ताब्यात. काम नाही.

१५ मार्च, शनिवार

प्राइमर झाला. रंगावरून घरात दोन पक्ष: आई चॉकलेटीच म्हणतात, डाग दिसत नाहीत म्हणून. मला म्हणायचंय की डाग दिसला पाहिजे, म्हणजे पुसला जातो, नाहीतर परत तो चीक. पांढरा मला पण नको होता, साधा ऑइलचा पांढरा कपाटात नि किचनमध्ये पिवळा पडत जातो. शेवटी फिक्का पिस्ता, पाण्यावर चालणारा सॅटिन इनॅमल. ऑइलपेक्षा महाग पडतो पण वास कमी, ब्रश पाण्याने धुतला जातो, आणि शेजारी गॅस चालू असताना तारपीन उघडं ठेवायची चिंता नाही. प्राइमर २८०, रंग ९००, रोलर-पेपर-टेप ५७०.

काठ आणि खाचा ब्रशने, सपाट भाग चार इंची फोमच्या रोलरने. दार आडवं ठेवून मारायचं, उभ्या दारावर ओघळ येतात. पातळ हात, दोन. जाड एक हात मारून वेळ वाचत नाही.

१६ मार्च, रविवार

टाइल्सच्या फटी. टाइल्सवर स्टिकर लावा असं सगळेच सुचवतात, पण शेगडीच्या मागे ते गरम होऊन कडा सोडतात आणि मग त्या कडेत तेल. टाइलवर रंग पण नको, तिची चकाकी शाबूत आहे, खराब फक्त फट आहे. तर जुनं सिमेंट हॅकसॉच्या तुटक्या ब्लेडने एक-दोन मिलीमीटर खरवडून काढलं (हे काम दिराला दिलं, तो क्रिकेटच्या गप्पा मारत मारत करतो, हात थांबत नाही), व्हॅक्यूमने धूळ ओढली, आणि इपॉक्सी ग्राउट भरलं. १,१५०. साध्या सिमेंटच्या ग्राउटपेक्षा बरंच महाग, पण ते तेल आणि हळद पीत नाही.

हे तीन भागांत येतं, राळ, हार्डनर आणि पावडर, आणि एकदा मिसळलं की घड्याळ सुरू. मार्चच्या दुपारी आणखी लवकर घट्ट होतं, म्हणून सकाळी उठून, वाटीभर वाटीभर मिसळून. रबरी पट्टीने तिरकं ओढून दाबून भरायचं आणि टाइलवरचा पातळ थर लगेच ओल्या स्क्रबने गोल गोल पुसायचा. तो राहिला तर उद्या छिन्नीने पण निघत नाही. दिवसभर तिकडे पाणी नाही, जेवण इंडक्शनवर ओसरीत.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी, गेर म्हणजे रंगांची मिरवणूक, सुट्टी. दारं कालच आतल्या खोलीत पलंगावर चादर घालून पसरली, आम्ही जमिनीवर झोपलो. सॅटिन रंग हाताला तासाभरात कोरडा लागतो पण आतून कडक व्हायला आठवडाभर तरी जातो, आणि इथे गल्लीतल्या गच्चीवरून गुलाल उडत होता. मऊ रंगात गुलाल बसला असता तर पिस्त्यावर गुलाबी ठिपके कायमचे. नवरा दुपारी असा रंगून आला की त्याला मागच्या दाराने थेट मोरीत घेतला, किचनमधून जायला परवानगी नाही.

२२ आणि २३ मार्च

भिंती. डिस्टेंपर आधी ओल्या स्पंजने धुऊन काढला, त्यावर नवीन रंग मारला तर जुन्यासकट सुटतो. शेगडीच्या वरचा भाग सोड्याच्या पाण्याने वेगळा धुतला, तेलकट भिंतीवर पुट्टी टिकत नाही आणि तेलाचा डाग पाण्याच्या रंगातून परत वर येतो. खिळ्यांच्या भोकांना आणि भेगांना पुट्टी, घासणं, प्राइमर, मग धुता येणारा इमल्शन, दोन हात, मोतिया. सगळं मिळून १,९७०. छत आम्ही दोघांनी मिळून केलं, माझी मान अजून दुखतेय.

२४ मार्च, सोमवार

जुना एक्झॉस्ट दुरुस्तीच्या पलीकडे. नवीन १,९००. चिमणीचा विषय निघाला, फ्रिजवरच्या कागदाकडे बोट गेलं, विषय संपला.

२७ मार्च, गुरुवार

दारं चढवली. स्क्रूची जुनी भोकं बहुतेक मोठी झालेली, स्क्रू नुसताच फिरतो. माचिसच्या काड्या, गूल काढून, फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठोकायच्या, वाळल्यावर काठाला सपाट कापायच्या आणि त्यात पुन्हा स्क्रू, लाकडात बसल्यासारखा बसतो. बिजागऱ्या, हँडल, स्क्रू, १,५२०. हँडल सियागंजमधून, साधी स्टीलची दांडी. नक्षी असलेली स्वस्त होती पण नक्षीत पीठ अडकतं. सगळ्यांची भोकं एका रेषेत यावीत म्हणून पुठ्ठ्याचा एक साचा कापला, तो दाराच्या कोपऱ्याला लावून खुणा केल्या.

जिथे दार चौकटीला टेकतं तिथे पारदर्शक रबराचे टिकले लावले, नवीन रंग नवीन रंगाला चिकटतो आणि ओढलं की सोलून येतो.

२९ मार्च, शनिवार

गॅसच्या नळीवरची तारीख बघितली. नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांत बदलायची असते, तारीख तिच्यावरच छापलेली असते, आमची कधीच उलटून गेली होती. नवीन घेतली, बसवून साबणाचा फेस लावून बघितला, बुडबुडा नाही. नळी आणि किरकोळ, ४००.

हिशोब केला: १३,५४०. उरले १,४६०. तहातलं खोकं आईंनी स्वतःच उघडलं, दोन बरण्या परत घेतल्या, बाकीचं भंगारवाल्याला.

राहिलंय ते: माळा तसाच आहे. खिडकीची जाळी. आणि सिंकच्या मागच्या भिंतीवर खाली वीतभर पट्टा मी मुद्दाम पुट्टी-रंगाशिवाय सोडलाय, तिथे हात लावला तर अजून गार लागतं. ती ओल जुन्या गळतीची असेल तर उन्हाळ्यात वाळेल, बाहेरून येत असेल तर जुलैत कळेल आणि मग गच्चीचा पाइप बघावा लागेल. १,४६० त्यासाठी बाजूला ठेवलेत, नवऱ्याला सांगितलेलं नाही.